मधे उल्का आहे

उल्काच्या स्वयंपाकघरात घोडा उभा होता, आणि तो सकाळीच विकला गेला होता. अंगावर पांढरे ठिपके, कपाळावर चंद्रकोर. ओटा आणि फ्रिजच्या मधे तो अंग चोरून कसाबसा मावला होता. आईने त्याच्या पोटाखालून हात घालून मिठाची बरणी काढली.

"अजून गेला नाही हा?"

"जाईल. 'मिळालं' लिहून झालंय."

हा घोडा 'गडवाट'मधला. मोबाईलवरचा खेळ. त्यात माणसं घोडे वाढवत, ढाली घडवत आणि एकमेकांना विकत. आधी सगळी ओळखीपाळखीची होती; मग गावोगावची हजारो आली आणि कोण कुणावर भरवसा ठेवणार? म्हणून मधे उल्का बसली. विकणाऱ्याने 'दिलं' लिहायचं, की वस्तू जालन्याला उल्काच्या घरी यायची. घेणाऱ्याने ती फोनमधून निरखून 'मिळालं' लिहिलं, की त्याच्याकडे निघून जायची. या घरात तांदळाच्या डब्यात तलवारी राहून गेल्या होत्या, पलंगाखाली एक बुरूज झोपून गेला होता. "मधे उल्का आहे ना? मग डोळे मिटून घे," लोक म्हणत.

आई घोड्याच्या मानेवरून हात फिरवत गुणगुणली,

"घोड्या रे ठिपक्यांच्या, कुणाच्या दारी जाशी
पाठीवरचं ऊन ने, सावली ठेव पाशी."

फोन वाजला. मिरजेचा निसार. शिंगरू असल्यापासून त्यानेच हा घोडा वाढवला होता.

"ताई, पाखऱ्या रुळला का वेणूताईंकडे? त्यांना सांगा, गूळ हातावरच द्यायचा. खाली ठेवला तर तोंड लावत नाही, नखरेल आहे."

"निसार, तो इथेच आहे."

"इथे कसा? तुम्हीच लिहिलंय, वेणूताईंना मिळालं."

"त्या नेहमी लिहायला विसरतात. सकाळी मला कामावर जायचं होतं, म्हणून घाईत मीच लिहून टाकलं. त्यांनी पाहिलासुद्धा नव्हता."

निसार हसला. "गरिबाची चेष्टा करता होय! तुमच्या हातून खोटं लिहिलं जाईल का?"

तेवढ्यात दारात वेणूताई उभ्या. वाईच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. हातात नवाकोरा दोर, पदराला गुळाचा खडा.

"आभार मानायला आले गं. काय देखणा आहे!"

"वेणूताई, घोडा आत आहे. चला, दाखवते."

वेणूताईंनी स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. घोड्याच्या डोळ्यात त्यांचा चष्मा चमकला.

"आत तर नुसता फ्रिज आहे," त्या म्हणाल्या आणि अंगणात गेल्या. तिथे त्यांनी रिकाम्या हवेला दोराचा फास घातला, वर हवेची मान थोपटली.

उल्का त्यांच्यामागे धावली, पण बैठकीची खोली लांब झाली होती. दोन्ही भिंतींना टेकून माणसं उभी होती, ओळीने. कुणाच्या काखेत ढाल, कुणाच्या खांद्यावर तलवार. सगळं उल्काच्या घरून गेलेलं.

"वेणूताईंना घोडा मिळाला," एकजण कौतुकाने म्हणाला.

"जरा सरका हो, लाथ मारेल," दुसऱ्याने शेजारच्याला मागे ओढलं.

"अहो, तिथे घोडा नाही!" उल्का ओरडली. "माझी चूक झाली. मी न मिळालेलं 'मिळालं' लिहिलं!"

सगळे तिच्याकडे वळले. ढालवाल्या बाईने काखेत चाचपून पाहिलं. ढाल कडेने पातळ होत चालली होती, कागदासारखी.

"मग ही पण मला मिळाली नाही का?" तिने विचारलं.

भिंती पावलाएवढ्या आत सरकल्या. तलवारवाल्याचा खांदा मोकळा पडत चालला. अंगणात वेणूताईंचा हात हवेतच थांबला होता आणि त्यांचा चेहरा पोरक्या लेकरासारखा झाला होता. भिंती आणखी सरकल्या. माणसांच्या छात्या एकमेकांना लागल्या. सगळे उल्काच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही," उल्का हळूच म्हणाली. "मिळालं. सगळ्यांना सगळं मिळालंय."

भिंती मागे गेल्या. ढाल जड झाली. वेणूताई हसल्या आणि पदराची गाठ सोडू लागल्या.

उल्का स्वयंपाकघरात आली. ओटा आणि फ्रिजच्या मधे कुणी नव्हतं. तिथे एक माणूस उभं राहील एवढीच जागा होती. ती तिथे जाऊन उभी राहिली.

आईने मिठाच्या बरणीसाठी हात पुढे केला.

"अजून गेली नाहीस तू?"

उल्का उत्तर देणार होती, पण तिचं तोंड गोड झालं. खिडकीतून अंगण दिसत होतं. वेणूताईंच्या उघड्या तळहातावरचा गूळ थोडा थोडा कमी होत होता. मग त्यांनी हात पदराला पुसला, दोर मनगटाला गुंडाळला आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या. आणि उल्काच्या मानेला हलकाच हिसका बसला.