सलूनच्या दारातून पाहिलेलं धनुष्य

कामरगावच्या बसस्टॉपवर नरेंद्रचं झेरॉक्स आन् मोबाईल रिपेरिंगचं दुकान. वय पन्नास झालं, पण खोड्या काही सुटल्या नाहीत. गावात कोणाच्या फोनवर "मी बिजली ऑफिसातून बोलतो" असा आवाज आला, की माणूस आधी नरेंद्रला शिवी हासडायचा आन् मगच आपलं बिल पाहायचा.

त्या दिवशी राजू भंगारवाल्यानं काऊंटरवर एक धनुष्य आणून टेकवलं. जत्रेतलं नव्हे. छातीपर्यंत उंच, गुळगुळीत, दोन्ही टोकं बाहेरच्या अंगाला उलटी वळलेली.

"विलायती दिसून राह्यलं ना बे?" राजू म्हणाला. "मोबाईलमंदी पाह्य बरं, कोन्या कंपनीचं हाये थे."

"कंपनीचं कायचं? रावनाच्या गोदामातलं हाये. सीतेच्या स्वयंवराले पाठवाचं राहून गेलतं."

"मजाक नोको करू. जुनं असलं तं शौकीन लोक घेतेत म्हने."

नरेंद्रनं फोटो काढून तिरंदाजीवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. एक म्हणाला जपानचं, एक म्हणाला अमेरिकेचं, दोघं आपसातच भांडले. शिक्का मात्र कुठंच सापडेना. नरेंद्रलाही चेव चढला. दुसऱ्या दिवशी धनुष्य चादरीत गुंडाळून तो कारंजाच्या एसटीत बसला.

"हे काय व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"तंबोरा हाये. जन्माचा मुका."

कारंजात भाऊसिंग सर पोरांना तिरंदाजी शिकवायचे. सरांनी धनुष्य उलटंपालटं केलं, नखानं खरवडलं, नाकाला लावून वास घेतला.

"कंपनीचं नाई हे. मूठ सागाची. बांबूच्या कामट्या उकळून वाकवल्या आन् एकावर एक चिकटवल्या. सुताराच्या घरचं काम हाये. हात लय साफ, पन डोकं फिरेल."

"काहून?"

"मूठ डाव्या हातानं धराची, म्हंजे मानूस उजवा. आन् बान टेकवाची खाच डावखुऱ्याची, उलट्या अंगाले. कंपनीत असं केलं असतं तं पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता." सर हसले. "आन् मूठ पाह्य केवढीशी. पोरीचा हात हाये हा."

सवयीप्रमाणे नरेंद्रही हसला. मग ते हसू अर्ध्यातच कुठंतरी अडकलं.

नरेंद्रच्या पोरवयात कामरगावात एकच सलून होतं. दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर एक कॅलेंडर. त्यावर असंच धनुष्य ताणलेला खेळाडू. पुंजाजी सुतार दाढीला बसले, की त्यांची पोरगी रूपा बाहेर उंबऱ्याशी उभी राहायची. सलूनमध्ये पोरींनी पाय ठेवायचा नाही. आन् दारातून कॅलेंडर दिसायचंच नाही. दिसायचा तो समोरचा आरसा, आन् आरशातलं कॅलेंडर.

"असं तं मीबी करीन," एक दिवस ती म्हणाली.

नरेंद्र तेव्हा सतरा वर्षांचा, खुर्चीत बसलेला, गालाला साबण. "करून दाखव. करशीन तं तुले मागनंच घालतो."

सगळं सलून खो खो हसलं. रूपा हसली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न होऊन ती इंझोरीला गेली. तिनं ती गोष्ट मजाकच धरली का, हे तेहतीस वर्षांत नरेंद्रला कळलं नव्हतं. लोकांच्या खोड्या काढता काढता तेवढं एक मात्र कोणाला विचारता आलं नाही.

एसटीतूनच त्यानं राजूला फोन लावला.

"कोठी भेटलं हे तुले?"

"इंझोरीत. वैभवी नावाची सून हाये, तिनं माळा झाडला. सासू देऊ नोको म्हने, पन सुनेनं देल्लं. नंबर देऊ का?"

दुकानात येऊन नरेंद्रनं शटर अर्धं खाली ओढलं. घसा साफ केला. आवाज पुण्याचा काढला.

"नमस्कार, मी पुण्याच्या म्युझियममधून बोलतोय. तुमच्याकडच्या धनुष्याबद्दल थोडी माहिती हवी होती."

वैभवीनं फोन सासूला दिला. तिकडून एक जाड, दमलेला आवाज आला. "बोला."

"हे धनुष्य बनवलं कोणी?"

"म्याच. बाबाच्या रंध्यानं, चोरून. लगनाच्या पंधरा रोज आंदी झालं."

"कोणासाठी?"

"एका मानसाले दाखवाचं होतं. थो मामाच्या गावी जाऊन बसला. मी सलूनपर्यंत दोनदा जाऊन आली, मंग हळद लागली." मग तिनंच विचारलं, "तुमी जानकार लोक. एक सांगा मले. त्यातून बान कधी सरळ गेलाच नाई. सारं बराबर केलतं. काहून नसंन गेला?"

नरेंद्रचं सगळं ध्यान त्या खाचेवर. मनात होतं तेच तोंडातून गेलं. "तू आरशात पाहून केलं ना बाई. आरशात सारं उलटं दिसते."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, पुण्याचा आवाज कधीचाच गळून पडला होता.

तिकडं भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

"पुन्याच्या साहेबाले आमच्या सलूनचा आरसा कसा काय मालूम?"

नरेंद्रनं नकळत गालावरून हात फिरवला.

"तोंडाले साबन लागला का बे?" रूपा म्हणाली. हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. "मले वाटलं, माह्याच हातात खोट हाये."

"हात साफ हाये तुहा. सर म्हनले."

"बरं झालं सांगतलं." तिकडं दार वाजलं. "ठेवते. नात शाळेतून आली." आन् तिनं खरंच फोन ठेवला.

संध्याकाळी राजू आला. "मंग? कोन्या देशाचं निंगलं?"

नरेंद्र धनुष्य हातात घेऊन बसला होता. मूठ लहान होती. त्याची तीनच बोटं आत बसत होती, करंगळी बाहेर राहत होती.

"इथलंच हाये," तो म्हणाला. "आन् विकाचं नाई."