निरोपाचा डावा हात

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. खरे तर मी एका थोर चित्राची हाताने रंगवलेली नक्कल आहे, आणि हे सांगताना मला मुळीच कमीपणा वाटत नाही. मूळ चित्र दूरच्या एका संग्रहालयात दोरीपलीकडे राहते. त्याच्या जवळ जायचीही सोय नाही. माझ्यासारखी चित्रे मात्र माणसांच्या घरात, खुर्च्या-टेबलांच्या सोबतीने राहतात. म्हणून घरातली दुःखेही आमच्या वाट्याला येतात.

माझ्यात एक तरुण शिपाई लढाईवर निघाला आहे. दारात उभा राहून त्याने निरोपाचा हात उंचावला आहे. म्हातारे वडील ताठ बसले आहेत आणि आईने वस्त्राच्या टोकाने तोंड झाकले आहे. मागे दगडी खांब आहेत. जुन्या ग्रीक आणि रोमन शिल्पांचा आदर्श समोर ठेवून काढलेल्या अशा चित्रांना नवअभिजात म्हणतात. यांत सगळे कसे रेखीव असते. रडायचे तेही शिस्तीत!

माझा जन्म नकला करणाऱ्या एका कारखान्यात झाला. तिथे एकजण फक्त खांब रंगवी, एक बाई फक्त वस्त्रांच्या चुण्या, आणि चेहरे व हात तेवढे म्हाताऱ्या मास्तरांकडे. चित्राची रेघ उतरवायला एक टोचलेला कागद होता. तो कापडावर ठेवायचा, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की भोकांतून ठिपके उमटत आणि ठिपके जोडले की चित्र तयार. वापरून वापरून तो कागद दोन्ही बाजूंनी सारखाच काळा झाला होता. माझ्या वेळी तो उलटा ठेवला गेला. खांबवाल्याला कळले नाही, कारण खांब इकडून काय नि तिकडून काय, सारखाच. चुण्यांचेही तेच. मास्तर हात रंगवून मागे सरले, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की शिपायाने डावा हात उंचावला आहे.

मग काय विचारता! खांबवाल्याने चुणीवालीकडे बोट दाखवले, तिने कागदाकडे. नाचता येईना अंगण वाकडे. मालकांनी मला भिंतीकडे तोंड करून उभे केले आणि तसाच माझा बराच काळ गेला.

एके दिवशी एक जोडपे चित्र घ्यायला आले. आपण त्यांना काका-काकू म्हणू. काका एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झाले होते. रेघ सरळ तर माणूस सरळ, असे त्यांचे म्हणणे. काकूंनी भिंतीला टेकलेली चित्रे एकेक करून उलटवली आणि माझ्यापाशी त्या थांबल्या. मालकांनी प्रामाणिकपणे चूक सांगितली, बिनचूक चित्र दाखवले. पण काकू म्हणाल्या, हेच हवे.

का, ते त्यांनी काकांना कधी सांगितले नाही. मला सांगितले, धूळ पुसता पुसता, थोडे थोडे करून. त्यांना एकच मुलगा होता, डावखुरा. लहानपणी तो डाव्या हाताने लिही, जेवी, म्हणून काका त्याचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधून ठेवत. पोर रडत रडत उजव्या हाताने जेवू लागले. पुढे मोठा होऊन तो नोकरीसाठी परगावी निघाला, तेव्हा गाडीत बसताना त्याने डावा हात हलवला. निरोप घेताना माणसाला शिकवलेला हात आठवत नाही. त्यानंतर तो परत आला नाही, त्याच्या अपघाताची बातमी आली. काकू रोज सकाळी माझ्या त्या हातावरून फडके फिरवत आणि हळूच विचारत, "निघालास?"

काका मला कधी नीट बघतच नसत. पण एकदा त्यांचे धाकटे भाऊ आले. फार वाचलेला माणूस. "वहिनी, तुमच्या शिपायानं उलटा हात केलाय की," म्हणून ते पोट धरून हसले. काकू उठून आत गेल्या. काकांना वाटले, हिला लाज वाटली.

पुढे काकूंच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि विश्रांतीसाठी त्या बहिणीकडे राहिल्या. तेवढ्यात काकांनी मला पाट्या रंगवणाऱ्याकडे नेले. त्याने डाव्या हातावर खांबाचा रंग चढवला आणि उजवा हात वर काढला. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते. काका मात्र परतीच्या वाटेवर खुशीत होते. बायकोला नव्या डोळ्यांनी बिनचूक चित्र दिसावे, एवढीच त्या बिचाऱ्यांची इच्छा.

काकू आल्या. काकांनी त्यांना हाताला धरून माझ्यासमोर उभे केले. त्यांनी आधी शिपायाचा चेहरा पाहिला, मग उजवा हात, मग जिथे डावा हात होता तो खांब. त्या खांबावरून त्यांनी बोटे फिरवली.

"पुन्हा बांधलात त्याचा हात?"

इतक्या वर्षांत काकांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिले.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन पुन्हा पाटीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, वरचा रंग खरवडला तर खालचाही निघेल, हात काही मिळायचा नाही. घरी येऊन काकांनी मान खाली घालून तेच सांगितले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "त्यालाही सवय झालीच होती."

आता त्या मला पुसतात, पण काही विचारत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना ओलीपासून जपा. पण त्यांच्यातले व्यंग काढायला जाल, तेव्हा आधी घरातल्या माणसांना विचारा. त्या व्यंगावरच कुणाचा तरी जीव असतो. आणि वस्तूंचेच कशाला? तुमच्या पंगतीत एखादे पोर डाव्या हाताने घास घेत असेल, तर त्याला पोटभर जेवू द्या.