लाल म्हणणारी मावशी

माझं लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित झालं, आणि कुणामुळे, तर मावशीमुळे! नऊ वर्षं शाळेच्या बसमध्ये माझ्या पाठीमागच्या सीटवर बसणारी बाई. मुलांना चढवायचं, उतरवायचं, हे तिचं काम. मुलं मावशी म्हणतात म्हणून मीही म्हणतो, नाहीतर वयानं माझ्या पोरीएवढी.

गेली दोन वर्षं सिग्नल जवळ आला की ती हळूच सांगायची, "लाल, दादा." नाहीतर "हिरवा." मुलांना वाटायचं, खेळ चाललाय. मला लांबचं जरा धुरकट दिसतं, एवढंच. डोळे दाखवा, डोळे दाखवा, म्हणून तिनं माझं डोकं खाल्लं होतं. पण डॉक्टरनं कागदावर काही लिहिलं की बस गेली. निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना घरी बसून काय माशा मारू? परवान्याच्या चाचणीतला अक्षरांचा तक्ता तर मला तोंडपाठ आहे.

त्या दिवशी एक पोर ओकत होतं, मावशी तिकडे गुंतली आणि मी लाल सिग्नल तोडला. दुधाचा टेम्पो वीतभर अंतरावरून गेला. आता चूक कुणाची? तोंड उघडायचं काम तिचं होतं. तिनं ते उघडलं, पण परवाना कार्यालयात जाऊन.

वकीलसाहेबांना मी सगळं सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"सिग्नल कोणता होता, ते मला सांगू नका."

त्यांना दोनच कागद हवे होते, परवान्याच्या चाचणीत मिळालेला डोळ्यांचा दाखला आणि निलंबनाचा आदेश. तुमचं म्हणणं न ऐकताच आदेश काढलाय, तो टिकायचा नाही, म्हणाले.

सुनावणीला मावशी आली होती. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर आहात का, असं वकिलांनी तिला विचारलं. ती नाही म्हणाली. काही पुरावा? तोही नव्हता. मग ती माझ्याकडे वळली.

"दादा, तुम्हीच सांगा ना."

"मला सगळं नीट दिसतं," मी म्हणालो. "हिचा माझ्यावर राग आहे."

तिचा चेहरा कसा झाला, ते मला तिथून दिसलं नाही.

आदेश रद्द झाला. खोटी तक्रार केली म्हणून शाळेनं मावशीला काढून टाकलं. बरी खोड मोडली, असं मी घरी चारदा म्हणालो. चौथ्यांदा बायकोनं टीव्हीचा आवाज वाढवला.

आज सकाळी बस काढली. मागच्या सीटवर नवी बाई, मोबाइलमध्ये डोकं घालून. तिच्या मागे अठ्ठावीस मुलं. चौक आला तसा माझा पाय ब्रेकवर आणि कान मागे. कुणी काही बोलेना. समोर नुसता एक धुरकट, बिनरंगी ठिपका. लायसन्स खिशात होतं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या आणि मी भ्यालो, आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो इतका. तोंडातून निघूनच गेलं.

"मावशी, कोणता?"

नव्या बाईनं मान वर केली.

"काय कोणता?" तिनं विचारलं.