बातमीपटातली पाठ

बुधवारी दुपारी तीनच्या खेळाला टॉकीजमधले दिवे मालवले आणि थोड्याच वेळात जहांआराला पांढऱ्या पडद्यावर तिचा नवरा दिसला.

सिनेमा अजून सुरू व्हायचा होता. त्याआधी सरकारी बातमीपट लागतो, तो चालू होता. कुठल्याशा मोठ्या धरणाचं बांधकाम दाखवत होते. पाट्या वाहणाऱ्या बायांची रांग, वाफ सोडणारं यंत्र, मग भिंतीवर ओणवे झालेले गवंडी. त्यांतल्या एकानं दगड बसवला, थापीच्या मुठीनं त्यावर दोनदा ठोकलं आणि थापी डाव्या हातानं पाठीमागे, कमरेच्या फडक्यात खोचली. मग तो उठून बाजूला गेला आणि चित्र बदललं. चेहरा दिसला नाही. पाठ दिसली.

नूरमोहम्मद असंच करायचा. बाकीचे गवंडी थापी घमेल्यात टाकतात. हा पाठीशी खोचायचा, तीही डाव्या हातानं, कारण उजवा हात तोवर पुढच्या दगडाकडं गेलेला असायचा. निकाह झाल्यावर त्यानं तिच्या माहेरची पडवी बांधून दिली होती. ती चुलीपाशी बसून दिवसभर त्याची पाठच पाहत राहायची.

पोलीस अ‍ॅक्शनच्या आठवड्यात, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, तो शेंद्र्याच्या पुढं एका खेड्यात विहिरीचं काम करत होता. त्या दिवसांत त्या वाटेवर जे व्हायचं ते झालं. काही माणसं परत आली, काही आली नाहीत. नूरमोहम्मद आला नाही. त्याला मेलेलं कुणी पाहिलं नाही आणि जिवंतही कुणी पाहिलं नाही. तिच्या धाकट्या भावानं, हैदरनं, तिला आपल्या घरी आणलं. वर्षं गेली. वाट पाहण्याची मुदत संपली, इद्दतीचे महिनेही पाळून झाले, आता दुसरा निकाह लावायला हरकत नाही असं काझीसाहेबांनी सांगितलं. खुलताबादच्या एका बिजवर दुकानदाराशी तिचं ठरलं. येत्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजनंतर.

आणि बुधवारी हे.

खरं तर तिला बातमीपट दिसायलाच नको होता. टॉकीजमध्ये बायकांच्या बाकांपुढं कनात असते. बातमीपटाच्या वेळी उशिरा येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवतात, बाहेरचा उजेड आत बायकांवर पडतो, म्हणून तोवर कनात ओढलेली राहते. दार लागून खरा सिनेमा सुरू झाला की जनान्याची राखण करणारी भागूबाई ती सरकवते. शहरातल्या बायकांनी इतक्या वर्षांत बातमीपट फक्त ऐकला होता. त्या बुधवारी कनात धुवायला धोब्याकडं गेली होती.

त्या दिवशीचा सिनेमा जहांआराला आठवला नाही. संध्याकाळी अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या आणि तिच्याकडं पाहत बसल्या, तेव्हा हे सगळ्यांना कळलं.

या बायकांना घरून सिनेमाला सोडत नसत. जहांआराला कुणी अडवणारं नव्हतं, शिवाय भागूबाई ओळखीची. म्हणून ती पाहून यायची आणि अंगणात सांगायची. नुसती गोष्ट सांगायची नाही. एका नामांकित नटीबद्दल तिनं सांगितलं होतं की ती रडते, पण तिचं नाक रडत नाही. खुलताबादच्या उरुसातली कव्वाली ऐकून आली तेव्हा म्हणाली, गाणारा ऐकण्यासारखा होता, पण पाहण्यासारखा होता तो मागं बसून टाळ्या देणारा म्हातारा. सगळे डोलत होते आणि हा रस्त्याकडं तोंड करून बसला होता, हे कधी संपतंय अशा चेहऱ्यानं. तरी एक टाळी चुकली नाही. शाळेच्या मैदानावर एक नाटक झालं, त्यात राजा मेल्यावरही त्याचं पोट वरखाली होत होतं. ते पोट तिनं अंगणात करून दाखवलं आणि बायकांची हसून मुरकुंडी वळली.

तिची नजर पक्की, असं गल्ली म्हणायची. तरी तिच्या सांगण्यात एक खोट होती. सिनेमातलं कुणी शेवटी मेलं की ती ते सांगायची नाही. गोळी खांद्याला लागायची, नदीत पडलेली पोर कोळ्याच्या जाळ्यात सापडायची. हैदरची बायको आबेदा एकदा माहेरी जालन्याला गेली असताना तिथं तिनं असाच एक सिनेमा पाहिला. अंगणात ज्या पोरीचं लग्न लागलं होतं ती पडद्यावर बुडून मेली. तेव्हापासून तो गल्लीतला विनोद झाला होता.

बायका गेल्यावर जहांआरानं भावाला आणि भावजयीला काय पाहिलं ते सांगितलं. हैदर हिमरू कापडाच्या कारखान्यातून दमून आला होता. तो ऐकत राहिला. आबेदानं पीठ मळता मळता मान वर केली.

"आपा, तुम मरे हुवे लोगां कू जिंदा करते. सनीमे में चलता. घर में नक्को करो."

ती हे रागानं म्हणाली नाही. खुलताबादहून पाहुणे यायचे होते, शब्द दिलेला होता, घरात माणसं वाढत होती आणि खोली एकच होती. इतक्या वेळा जहांआरानं शेवट बदलला होता की या वेळी बदललेला नाही हे सांगायला तिच्याजवळ वेगळे शब्दच नव्हते.

रात्रभर तिनं ती पाठ डोळ्यांसमोर आणली, आणि जितकी आणली तितकी ती पुसट झाली. पहाटेपर्यंत तिला हेही सांगता येईना की फडकं पांढरं होतं की चित्रातच सगळं पांढरं असतं. थापी मात्र डाव्या हातात होती. तेवढं तिनं धरून ठेवलं.

गुरुवारी सकाळी ती भागूबाईच्या घरी गेली. ते धरण कुठलं, हे बातमीपटात सांगितलं होतं. जहांआराचे कान त्या वेळी जागेवर नव्हते. भागूबाईनं मात्र वर्षानुवर्षं बातमीपट कनातीआडून कानानंच पाहिला होता.

"हिरापूर म्हणला की," भागूबाई म्हणाली. "चांगलं दोनदा म्हणला."

"आपलं हिरापूर? चिकलठाण्याच्या पल्याडचं?"

"मंग दुसरं कुठलं हाय?"

एवढं मोठं धरण शहराच्या उशाला होत असतं तर त्याचा बोभाटा झाला असता, हे जहांआराला समजत नव्हतं असं नाही. पण हिरापूर जवळ होतं. टांग्यानं जाऊन येण्याइतकं जवळ, आणि शुक्रवार दुसऱ्या दिवशी होता. ती निघाली. एकटीला कसं सोडायचं म्हणून भागूबाईही बसली.

हिरापुरात ज्वारीची रानं होती, एक नाला होता आणि नाल्यावर म्हशी होत्या. पारावर बसलेल्या कारभारी नावाच्या म्हाताऱ्याला भागूबाईनं धरणाचं विचारलं. त्यानं तिचं सगळं नीट ऐकून घेतलं.

"बाई, हितं पावसाळ्यात सुदिक नाला आडत नाय," तो म्हणाला. "धरण कोन बांधतंय? बांधलं तर आमाला बी सांगा."

पारावरची माणसं हसली. जहांआरानं तरी नूरमोहम्मदचं नाव घेऊन विचारलं. शेवटी विचारलं, डाव्या हातानं थापी मागं खोचणारा कुणी गवंडी या भागात कामाला आला होता का. तेव्हा हसणं थांबलं आणि माणसं दुसरीकडं बघायला लागली. शेजारच्या घरातल्या एकीनं तिला पाणी आणून दिलं.

परतताना चिकलठाण्यापाशी टांग्याचं चाक निखळलं. दोघी टॉकीजपाशी पोचल्या तेव्हा दुपारचा खेळ सुटला होता. मशीन चालवणारा रामकिसन जिन्याखाली विडी ओढत होता. भागूबाईनं त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, सहाच्या खेळाला ते चित्र पडद्यावर थोडं थांबवून धरता येईल का.

थांबवलं की दिव्यानं जळतं, असं रामकिसननं सांगितलं. मग म्हणाला, थांबवायला ते आहेच कुठं. सिनेमा उद्या बदलतो, पण बातमीपटाचा डबा आजच, सकाळच्या मोटारीनं जालन्याला गेला. उद्यापासून तिथं लागेल. आणि ते हिरापूर नव्हे, हिराकूड. तिकडं ओरिसात.

"लई लांब हाय का?" भागूबाईनं विचारलं.

"रेल्वेनं दोन-तीन दिवस जात्यात, म्हणं."

आणखी एक गोष्ट त्यानं न विचारता सांगितली. आपल्याकडं हे डबे मोठ्या शहरांत फिरून झाल्यावर येतात. हे चित्र कधी घेतलेलं असेल, सांगता येत नाही. वर्षही झालं असेल. भागूबाईनं त्याला कोपर मारलं, पण त्याचं सांगून झालं होतं.

दिवेलागणीला हैदर घरी आला. जहांआरा दारातच उभी होती. तिनं जालन्याचं सांगितलं. ती रडत नव्हती, आणि त्याचीच हैदरला धास्ती वाटली.

नूरमोहम्मदला काम करताना त्यानंही पाहिलं होतं. ती पडवी बांधली तेव्हा चुना कालवायला हैदरच होता. दगड हवा म्हणून मागं न बघता पसरलेला मेहुण्याचा तो हात त्याला आठवत होता. आजवर तो विषय त्यानं काढला नव्हता, कारण काढून करणार काय?

"तू देख के आ," जहांआरा म्हणाली. "तू 'नहीं' बोला, तो मैं 'कबूल' बोलती. फिर कब्बी नाम नहीं लेती."

"और 'हौ' बोला तो?"

आतून आबेदा म्हणाली, उद्या पाहुण्यांसमोर घरात एक पुरुष माणूस नको का? हैदर तिच्याशी हलक्या आवाजात बराच वेळ बोलला. काय बोलला ते बाहेर ऐकू आलं नाही. शेवटी आबेदा म्हणाली, दुपारचाच खेळ बघा आणि संध्याकाळच्या मोटारीनं या, काझीसाहेबांना तोवर मी थांबवते.

शुक्रवारी सकाळी हैदर जालन्याला गेला.

जुम्याची नमाज झाली. खुलताबादचे पाहुणे आले. नवरा मुलगा म्हणावा असं वय नव्हतं; साधा, पोक्त माणूस होता, आपल्यामुळं कुणाची अडचण होतेय असं बसला होता. जहांआराच्या हाताला आबेदानं मेंदी लावली. लावताना म्हणाली की दोघी मिळून नूरभाईंसाठी मेलेल्यांची फातेहा किती वेळा पढलो, ते आठवा. जहांआरा म्हणाली, आठवतंय. मेंदी काढून टाक असं ती म्हणाली नाही. हात तसेच पुढं धरून दाराकडं बघत राहिली.

तीन वाजून गेले. जालन्यात आता दिवे मालवले असतील, असं ती मनाशी म्हणाली. तिकडच्या टॉकीजात पुरुष बातमीपटाला वेळेवर येतात की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. हैदर दारात उशिरा पोचला तर? समोरचा उठून उभा राहिला तर? ती पाठ डोळ्याची पापणी लवेपर्यंतच दिसते. हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

दुपार कलल्यावरची असरची नमाजही झाली. पाहुण्यांना दुसऱ्यांदा चहा गेला. काझीसाहेबांनी विचारलं, हैदरमियां कुठवर आले? आबेदानं सांगितलं, येतायत.

जालन्याची मोटार दिवे लागल्यावर आली. भागूबाई अड्ड्यावर जाऊन उभी राहिली होती. सगळे उतारू उतरले, त्यांत हैदर नव्हता. मोटारीचा कंडक्टर फकिरा याच गल्लीतला. भागूबाई त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. पाहुणे बाहेर होते, म्हणून तो मागच्या दारानं आला आणि जहांआराकडं न बघता बोलला.

मोटार निघाली तेव्हा तीनचा खेळ सुटला होता. टॉकीजवरूनच रस्ता जातो. हैदर टॉकीजच्या पायरीवर बसलेला होता. फकिरानं मोटार थांबवायला लावली, हाक मारली, ही शेवटची गाडी आहे म्हणून सांगितलं.

"मंग?" भागूबाई म्हणाली.

"त्यांनी माझ्याकडं पाह्यलं. पर उठले नाय."

"रडत व्हते का?"

"नाय."

"काई बोलले?"

"नाय. नुसतं पाह्यलं."

हैदरचं 'नहीं' आलं नव्हतं आणि 'हौ'ही आलं नव्हतं. काझीसाहेब बाहेर पाहुण्यांत तिच्या 'कबूल'साठी थांबले होते. जालन्याहून पुढची मोटार शनिवारी सकाळी होती.