तीन ठोके

आमच्या बँडचा पहिला अल्बम बाबांच्या पत्र्याच्या कारखान्यात रेकॉर्ड झाला. आम्हाला हवा होता तसा दणका फक्त त्यांच्या प्रेस मशीनमधून निघायचा. असल्या संगीताला इंडस्ट्रियल रॉक म्हणतात. आई त्याला भांडी पडणं म्हणायची.

मी ड्रम वाजवायचे, आतेभाऊ गायचा. त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि ते नाव त्याने स्वतःच्या गळ्याने कमावलं होतं. प्रेसला मात्र बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः मशीनवर उभे राहिले. सुरू करण्याआधी पान्याने तिच्या अंगावर तीनदा ठोकलं. ही त्यांची रोजची सवय. तीन ठोके म्हणजे सगळ्यांनी हात बाहेर. त्यांची स्वतःची दोन बोटं ही सवय लागण्याआधीच गेली होती.

कॅसेट निघाली. पहिलं गाणं त्या ठोक्यांनीच सुरू व्हायचं. बाबांनी ती ओळखीच्या प्रत्येकाला धरून धरून ऐकवली.

दहा वर्षांनी त्याच अल्बमची सीडी निघाली, तेव्हा मी शहाणपणा केला. साउंड इंजिनियर म्हणाला, सुरुवातीला काहीतरी खडखडतंय, काढू का? मी म्हटलं, काढा. बाबांनी सीडी लावली आणि पहिल्याच दणक्याला ताडकन उठले.

"न ठोकता मशीन चालू केली? कुणाचा हात आत असता म्हणजे?"

"बाबा, अहो, गाणं आहे ते."

"असू दे. मशीन ती मशीनच."

त्यांनी ती सीडी पुन्हा कधी लावली नाही. मला मनातून लाज वाटत होती, पण चूक कबूल करायची नाही, यात मी त्यांचीच मुलगी.

यंदा तिसरी आवृत्ती निघायची होती, मोठ्या काळ्या तबकडीवर. एव्हाना बाबांचे कान जवळजवळ गेले होते. जन्मभर प्रेसशेजारी उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? कानातलं यंत्र डब्यात आणि डबा कपाटात. उरलंसुरलं ऐकू येतंय तोवर त्यांचे ठोके त्यांना परत द्यायचे, एवढंच मला हवं होतं. पण मूळ टेप कधीच खराब झाली होती.

भोंगा म्हणाला, "त्यात काय एवढं? नवे ठोकू. पाना मी आणतो."

"तुझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. तुला नाही जमायचं."

शेवटी एक कॅसेट बाबांच्याच हत्यारांच्या पेटीत सापडली, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली. बाकी पेटी ग्रीसने माखलेली होती. ते फडकं बघून मला रडूच आलं. इंजिनियरने कॅसेटमधून ठोके उचलले. सोबत थोडी खरखर आली, ती मी राहू दिली.

नमुन्याची तबकडी घरी आणली. बाबांनी तळहात स्पीकरच्या जाळीवर टेकवला, कारण आता ते तसंच ऐकतात. त्यांच्या शेजारी मीही हात टेकवला. भोंग्याने सुई खाली ठेवली.

पहिला ठोका. बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही. दुसरा. तिसऱ्याला त्यांचा हात झटकन मागे आला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून जाळीवरच होता. त्यांनी मनगट धरून तो ओढला आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. त्यानंतर मशीन सुरू झाली.