शेवटच्या बाकापर्यंत

मला कुणाच्या स्वयंपाकघराची भीती वाटत नाही. तीस वर्षं लोकांच्या शेगड्या उघडतोय. त्यांच्याखाली मेलेले उंदीर सापडलेत, लग्नाच्या अंगठ्या सापडल्यात, एकदा तर दातांची कवळीही सापडली. पण एप्रिलमधल्या त्या दुपारी मिसेस कांगस यांच्या दारात बर्फातले बूट काढले (आमच्याकडे ते एप्रिलातही लागतात), आत पाहिलं आणि उंबऱ्यातच थांबलो. इंडक्शन शेगडीमागची भिंत छतापर्यंत काळी झाली होती. खिडकीचा पडदा अर्धाच उरला होता.

मिसेस कांगस टेबलाशी बसल्या होत्या. उजव्या तळहाताला पट्टी, समोर एक निळी वही. वय एकोणऐंशी. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या हॅनकॉक गावच्या शाळेची बस चालवली आणि त्या बसमधला सगळ्यात वात्रट पोरगा म्हणजे मी.

"आलास का रे, वर्न हायकिला?" त्या म्हणाल्या. "माझ्या बाकांना च्युइंगम चिकटवणारा आता माझी शेगडी दुरुस्त करणार. काय दिवस आलेत!"

त्या हसल्या, पण आवाजात जीव नव्हता.

त्यांची मुलगी रोंडा सिंकपाशी हाताची घडी घालून उभी होती. ती शाळेत माझ्याच वर्गात होती. "वर्न, मला एकच सांग," ती म्हणाली. "शेगडी बिघडलीय की नाही? वृद्धाश्रमात आईसाठी खोली धरून ठेवलीय. तीन वाजेपर्यंत हो म्हटलं नाही तर ती दुसऱ्याला जाईल."

"आणि शेगडी बिघडलेली निघाली तर?"

"तर आई इथंच राहील. नसली बिघडलेली, तर मी तिला एक रात्रही इथं एकटी ठेवणार नाही." तिने आवाज खाली आणला, पण स्वयंपाकघर केवढंसं ते. "मासे तळायला तेल ठेवलं आणि विसरली. म्हणते, तळणाचं बटण दाबून दोनच मिनिटं पोर्चमध्ये गारठ्यात ठेवलेले मासे आणायला गेले होते. म्हणते, मागचा बर्नर वापरतच नाही, तरी त्याचा गरमचा दिवा लागतो. आग विझल्यावर पुढच्याचा दिवा लागलेला नव्हता म्हणून त्यावर हात टेकला, तर भाजला. लेम्पीमावशीचं विसरणंही असंच सुरू झालं होतं."

मिसेस कांगस वहीच्या कडा नखाने कुरतडत होत्या.

मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते. हे ऐकताच माझ्यासारख्या मुरलेल्या माणसाचे कान टवकारायला हवे होते. पण मीही त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि रोंडाचं खरं मानलं.

वीज बंद करून शेगडीची काच उचलली. आतल्या पत्र्यावर माझीच सही होती, मार्करने केलेली, नोव्हेंबरची. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात बिडाचा तवा पडून जुनी काच तडकली, ती मीच बदलली होती. प्रत्येक बर्नरच्या मधोमध शेंगदाण्याएवढा तापमानाचा सेन्सर काचेला खालून चिकटून बसतो. काच किती तापली हे तोच शेगडीला सांगतो, आणि तेल पेटायच्या आत शेगडी स्वतःला आवरते. सेन्सर खोटं बोलला तर शेगडी आंधळी होते.

मी चारही सेन्सर मीटरने मोजले. सगळ्यांचा आकडा एकच, पुस्तकात दिलाय तोच. वायरी घट्ट, कुठे करपलेलं नाही.

"सेन्सर ठणठणीत आहेत," मी म्हणालो.

रोंडाने डोळे मिटून घेतले. मग टेबलावरचा फोन उचलला. घड्याळात दोन वाजायला आले होते.

"म्हणजे मीच," मिसेस कांगस म्हणाल्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लेम्पीला शेवटी शेवटी चमच्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. हातात धरून बसायची. मला भीती वाटते रे, वर्न. मरायची नाही. त्या चमच्याची."

मी हत्यारं गोळा करायला लागलो. दुसरं काय करणार?

"वर्न," त्या म्हणाल्या, आणि आता आवाज बसमधला होता. "शेवटच्या बाकापर्यंत गेलास का?"

माझा हात थांबला. बसची फेरी संपली की ड्रायव्हरने शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचं. दमलेले ड्रायव्हर आरशातच बघून उतरतात. सहा वर्षांचा असताना मी मागच्या बाकाखाली झोपून गेलो होतो. बाहेर शून्याखाली वीस. मिसेस कांगस यांनी मला कॉलर धरून बाहेर काढलं आणि घरी नेऊन आईच्या हातात दिलं. म्हणून मी आज आहे.

"तू थंड शेगडी तपासलीस," त्या म्हणाल्या. "माझा हात थंड शेगडीवर नाही भाजला."

"आई, पुरे आता," रोंडा म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो. काच परत बसवली, वीज सुरू केली आणि शेगडी तपासणीवर टाकली. तशी टाकली की घड्याळाच्या जागी प्रत्येक सेन्सरचं तापमान दिसतं. डावीकडच्या पुढच्या बर्नरवर पातेलंभर पाणी ठेवलं.

पुढचा बर्नर: एकोणीस. मागचा: एकोणीस.

पाणी गुणगुणायला लागलं. पुढचा अजून एकोणीसच. मागचा एकतीस. पाण्याला बुडबुडे आले. पुढचा वीस. मागचा अठ्ठेचाळीस, मग सत्तर. आणि रिकाम्या, गार, मागच्या बर्नरचा तांबडा दिवा लागला.

रोंडा जवळ आली. "मागच्यावर तर काहीच नाहीये," ती पुटपुटली.

मला कळलं. पुढचा नि मागचा, दोन्ही सेन्सरच्या पिना सारख्या, वायरी सारख्याच पांढऱ्या. काढण्याआधी त्यांना खुणेची टेप लावायची, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मी लावत नाही. टेप नवशिक्यांसाठी असते, अशी फुशारकी मारत फिरतो. नोव्हेंबरमध्ये काच बदलताना मी पुढच्याची पिन मागच्याला आणि मागच्याची पुढच्याला लावून गेलो होतो. मिसेस कांगस मागचा बर्नर वापरत नसत, त्यामुळे तिथला सेन्सर कायम गार, आणि पाच महिने ही बाई आंधळ्या बर्नरवर रांधत होती. नुसतं उकळताना ते खपून गेलं; तळायला ठेवलं तेव्हा तेल भडकत गेलं आणि शेगडीला वाटत राहिलं, अजून गारच आहे.

"काय झालंय?" रोंडाने विचारलं.

"वायर सैल होती," एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. कुणाला कळणार होतं? गाव लहान आहे. ही गोष्ट बाहेर गेली तर मला कोण दारात उभं करणार? मी खरंच तोंड उघडलं, "वायर" एवढं म्हणालोही. तेवढ्यात टेबलावरच्या उघड्या वहीकडे लक्ष गेलं. थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "बारा जानेवारी. मागचा दिवा लागला. मी मागचा वापरला नाही. वापरला का? रोंडाला सांगायचं नाही." खाली तेरा जानेवारी. खाली चौदा. पानंच्या पानं.

"वायर मी उलटी लावली," मी म्हणालो. "नोव्हेंबरमध्ये. दोन सेन्सरच्या पिनांची अदलाबदल केली. आग माझ्यामुळे लागली. हात माझ्यामुळे भाजला. तुम्ही काहीही विसरला नाहीत, मिसेस कांगस."

"पाच महिने!" रोंडा किंचाळली. "माझी आई जळून मेली असती, वर्न!"

"हो."

तिने मला आणखी बरंच ऐकवलं. मी ऐकून घेतलं. मग ती पोर्चमध्ये गेली आणि खोली नको म्हणून कळवून आली. आल्यावर आईच्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

मी पिना सुलट केल्या, टेप लावली, पुन्हा पाणी उकळलं. या वेळी पुढचाच आकडा चढला. मग तेल ठेवून तळणाचं बटण दाबलं. तेल तापलं आणि शेगडीने स्वतःला आवरलं. तिघंही त्या पातेल्याकडे बघत होतो. कामाच्या कागदावर मी लिहिलं: "बिघाडाचं कारण: दुरुस्ती करणाऱ्याची चूक. घरमालकिणीची काहीही चूक नाही." खाली सही केली.

"मोठ्याने वाच," मिसेस कांगस म्हणाल्या.

मी वाचलं.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

त्यांनी थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय लिहिलंस ते वाच ना."

मी रोंडाकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. तिचा हात आपोआप फोनकडे गेला होता.

मिसेस कांगस यांनी त्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ऐकलं होतं मी," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा. पुन्हा ऐकावंसं वाटलं, इतकंच." त्यांनी निळी वही मिटली आणि भाजलेला हात तिच्यावर ठेवला. "शेगडी तू दुरुस्त केलीस रे, वर्न. पण मला या घरात एखादी गोष्ट दोनदा विचारायची चोरी झाली, ती झालीच."

रोंडाने फोनवरचा हात मागे घेतला.