ब्रिडीच्या पोटातली करडी सावली

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिले असेल, तर ते अंधारातच. मी सोनोग्राफीचे यंत्र. माझ्या खोलीत दिवे मंद ठेवतात, म्हणजे माझा पडदा नीट दिसतो. त्या पडद्याकडे सगळे टक लावून बघत. माझ्याकडे मात्र कुणाचे लक्ष नसे. आता मी जुने झाले आहे आणि रुग्णालयाच्या तळघरात मोडक्या खाटांशेजारी उभे आहे.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात माझी सारी उमेदीची वर्षे गेली. मी जहाजातून उतरले तेव्हा मला बघायला अर्धे गाव धक्क्यावर आले होते. मला चालवणारी व्हर्ना त्याच गावची. माणसांना ऐकू न येणारा आवाज मी पोटात सोडते आणि आतून परतणाऱ्या प्रतिध्वनीचे चित्र काढते. त्यात सुई नाही, दुखणे नाही. म्हणून लहान मुलाच्या पोटात गोळा हाताला लागला, की डॉक्टर आधी माझ्याकडे पाठवत. गोळा म्हणजे वाईटच असे नव्हे. कधी मूत्रपिंडात तुंबलेली लघवी निघे. ती पडद्यावर काळीभोर दिसे. कधी नुसता साचलेला मळ निघे आणि आईबाप लाजून हसत.

ब्रिडी आली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. चार वर्षांची पोर, खेकड्यांच्या बोटीवर काम करणाऱ्या क्लाइडची. तिला आंघोळ घालताना तिची आई लोरेटा हिच्या हाताला डाव्या कुशीत काहीतरी टणक लागले होते. डॉक्टर पेनींना वाटले, बद्धकोष्ठ असेल. तरी एकदा बघू या, म्हणून त्यांनी तिला पाठवले.

"पोट बापावर गेलंय तिचं," क्लाइड म्हणाला. "माशांची भजी काय कमी खाते ती?"

"गप बस रे," लोरेटा म्हणाली.

व्हर्नाने जेलीची बाटली कोमट पाण्यात ठेवली होती. पोटावर जेली पडताच ब्रिडीने विचारले, "हा मुरंबा आहे?"

"आहे, पण चव अगदी वाईट आहे, राणी. आता दमलेल्या मांजरीसारखी पडून राहा बघू."

व्हर्ना माझा प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायची मूठ, हलके फिरवू लागली आणि माझ्या पडद्यावर एक करडी सावली उमटली. ती काळी नव्हती. म्हणजे पाणी नव्हते, भरीव मांस होते. डाव्या मूत्रपिंडातूनच ती वाढली होती, आणि मूत्रपिंडाचा उरलेला भाग खेकड्याच्या नांगीसारखा तिला धरून बसला होता. व्हर्नाचा हात थांबला. मग तिने उजवे मूत्रपिंड पाहिले. ते चांगले होते. हृदयाकडे जाणारी मोठी शीर पुन्हा पुन्हा पाहिली. तीही मोकळी होती. एवढा वेळ ती ब्रिडीशी मांजरीच्या गोष्टी बोलतच होती. पण बोलता बोलता ती त्या सावलीची मापे दुसऱ्यांदा घेत होती. ते फक्त मला कळले.

"व्हर्ना, काय दिसलं?" लोरेटाने विचारले.

"मी चित्र काढते, लोरेटा. काय ते डॉक्टर सांगतील."

"शाळेत एका बाकावर बसलो आपण. माझ्याकडे बघून सांग."

व्हर्नाने तिच्याकडे पाहिले नाही. "मी डॉक्टरांना आत्ता इथं घेऊन येते," ती म्हणाली. "आणि एक कर. तिचं पोट कुणाला दाबू देऊ नकोस. तूसुद्धा नको."

क्लाइडच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच विरले.

डॉक्टर पेनी आले. त्यांनी पडदा नीट पाहिला आणि ते स्टूल ओढून आईबापांसमोर बसले. "मी बद्धकोष्ठ म्हणालो होतो. ते नाही. तिच्या मूत्रपिंडावर गाठ आहे. बहुधा कर्करोगाची. दाबली तर ती आत फुटू शकते, म्हणून पोटाला धक्का नको. पण लहान मुलांमधली ही गाठ पुष्कळदा पूर्ण बरी होते. सेंट जॉन्स शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात मी आत्ताच फोन करतो."

धुक्यामुळे विमान उडेना. क्लाइडने पोरीला घोंगडीत गुंडाळले आणि ते गाडीनेच निघाले. ती गेल्यावर व्हर्नाने प्रोब पुसून जागेवर ठेवला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. आम्ही दोघांनी जे पाहिले होते, ते आम्हाला कुणाशी बोलता येत नव्हते.

शस्त्रक्रिया झाली, मूत्रपिंडासकट गाठ निघाली, कित्येक महिने औषधे चालली. मग ब्रिडी तपासणीसाठी माझ्याकडे येऊ लागली, आधी टक्कल घेऊन, नंतर बारीक कुरळ्या केसांची. लोरेटा दाराशी उभी राहायची. व्हर्नाशी एक शब्द नाही. दुकानात आपल्याला पाहिले की लोरेटा दुसऱ्या रांगेत जाते, असे व्हर्ना एकदा परिचारिकेला म्हणाली, आणि माझी बटणे पुसत राहिली.

काही वर्षांनी शेवटची तपासणी झाली. डावीकडे मोकळी जागा, उजवीकडे एकटेच वाढलेले, धडधाकट मूत्रपिंड. ब्रिडी बूट घालायला बाहेर पळाली. लोरेटा थांबली.

"तुझं तोंड बघितलं की मला तो दिवस दिसतो, व्हर्ना. मला ते जमत नाही."

"ठाऊक आहे मला."

"पोर धावते माझी. तेवढं सांगायचं होतं."

ती गेली. व्हर्नाने ते चित्र पडद्यावर पुन्हा एकदा आणून पाहिले. त्यानंतर नवे यंत्र आले, व्हर्ना निवृत्त झाली, आणि मला खाली आणून ठेवले.

मित्रांनो, आईबापांच्या हाताला तुमच्या पोटात काही वेगळे लागले, तर त्यांना ते चोळू देऊ नका, आणि थांबूही देऊ नका. दवाखान्यात चला म्हणा. माझ्यासाठी काही मागायचे नाही. लोखंडाला धूळ सोसते. पण अंधाऱ्या खोलीत ज्यांनी तुमच्या पोटावर हलक्या हाताने प्रोब फिरवला, त्यांच्याकडे कधीतरी परत जा. दारातूनच सांगा, मी बरा आहे, मी बरी आहे. ते शेकडो मुलांच्या पोटात डोकावतात आणि पुढे काय झाले ते बहुतेकांचे त्यांना कधीच कळत नाही.